खरं रक्त आणि तळघरातला माणूस

दलित साहित्यावर कुणी बोलायला उभा राहिला की एक शब्द हमखास येतो. अनुभवाची अस्सलता. टाळ्या पडतात. आपली पोरंही खूष होतात. मला मात्र हा शब्द ऐकला की खिशावर हात ठेवावासा वाटतो. अस्सल म्हणजे खरं, ठीक आहे. पण ते खरं कुणाला हवंय? ऐकून तो काय करणार? आणि सांगणाऱ्याच्या हातावर काय टेकवणार? हे प्रश्न एका काळ्या अमेरिकन लेखकानं कधीच विचारून ठेवलेत, आणि तेही हसत हसत. राल्फ एलिसन त्याचं नाव. कादंबरी ‘इनव्हिजिबल मॅन’, म्हणजे न दिसणारा माणूस. साल १९५२.

एलिसन ओक्लाहोमाचा. टस्कीगीच्या काळ्यांच्या कॉलेजात संगीत शिकायला गेला, शिक्षण अर्धं राहिलं, १९३६ साली न्यूयॉर्कला आला. १९४५ साली ही कादंबरी लिहायला घेतली, सात वर्षं लागली. १९५३ साली तिला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. पुढं १९९४ साली मरेपर्यंत त्याची दुसरी कादंबरी पुरी झाली नाही.

त्या लोकांचं आणि आपलं नातं जुनं आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमला लागूनच आहे. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नाव ब्लॅक पँथरवरून आलं. नाव घेतलं, राग घेतला. त्यांचं हसू घ्यायचं राहिलं. हे हसू विनोदी मासिकातलं नाही. ते मार खाल्लेल्याचं हसू आहे, आणि ही कादंबरी त्यानं भरलेली आहे.

गोष्ट सांगणारा एक ‘मी’ आहे. अख्ख्या जाड पुस्तकात त्याचं नाव येत नाही. फक्त गोऱ्यांनाच भाड्यानं मिळणाऱ्या इमारतीच्या तळघरात, सगळे विसरून गेलेल्या एका भागात तो फुकट राहतो. छताला १३६९ बल्ब लावलेत, चोरीच्या विजेवर. वीज कुठंतरी गळतेय हे कंपनीला कळतं, कुठं ते कळत नाही. गांजाची विडी ओढत हा लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डी ऐकतो. एका रात्री धक्का लागला म्हणून एक गोरा शिवी देतो. हा त्याला डोक्यानं ठोकतो, बडवतो, चाकू काढतो, आणि मग याच्या डोक्यात येतं की अरे, या माणसानं मला पाहिलेलंच नाही! लागला हसायला.

असा माणूस. कारखान्याच्या दवाखान्यात विजेचे झटके खाल्लेला, स्वप्न आणि जाग यांची सरमिसळ करणारा. त्याच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा? समीक्षक लोक याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर, सांगणाऱ्याला जे कळलं नाही ते ऐकणाऱ्याला आधी कळतं. आता हा माणूस भरवशाचा का नाही? तो खोटारडा आहे म्हणून नाही. तो फार भरवसा ठेवतो म्हणून. जो कुणी कोटवाला त्याच्याविषयी चार शब्द बोलेल, ते तो खरे धरून चालतो.

शाळेतलं हुशार पोरगं. गावातले बडे गोरे त्याला भाषणाला बोलावतात. बँकवाले, वकील, न्यायाधीश, डॉक्टर, पाद्रीसुद्धा. गेल्यावर आधी काळ्या पोरांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधून एकमेकांत मारामारी करायला लावतात. मग सतरंजीवर नाणी टाकतात आणि सतरंजीतून वीज सोडतात. पोरं नाणी वेचताना तडफडतात, साहेब लोक खो खो हसतात. आणि आमच्या या बाबाच्या डोक्यात काय? माझं भाषण कधी होणार! तोंडातलं रक्त गिळत तो भाषण करतो. एका जागी ‘सामाजिक जबाबदारी’ म्हणायचं, तिथं तोंडातून ‘समता’ निघून जाते. हॉल चिडीचूप. हा लगेच शब्द मागं घेतो. बक्षीस म्हणून चामड्याची बॅग आणि कॉलेजची स्कॉलरशिप मिळते. सोन्याची वाटलेली नाणी पितळेची निघतात, कुठल्याशा मोटारीच्या जाहिरातीची. तरी गडी खूष.

वाचताना हसू येतं आणि घशात अडकतं. कारण मित्रांनो, हा हुशार पोरगा आपल्या प्रत्येक वस्तीत आहे.

कॉलेजात असताना नॉर्टन नावाच्या गोऱ्या देणगीदाराला हा मोटारीतून फिरवत असतो. फिरता फिरता दोघं एका काळ्या शेतकऱ्याच्या झोपडीपाशी येतात. त्याचं नाव ट्रूब्लड. म्हणजे खरं रक्त. नाव बघा! या ट्रूब्लडच्या हातून घरात भयंकर पाप घडलंय. पोटच्या पोरीला त्याच्यापासून दिवस गेलेत. कॉलेजातले शिकलेले काळे लोक त्याला तिथून हाकलायला बघतात. आणि गोरे? ते येतात आणि म्हणतात, सांग, परत सांग. शेरीफ ऐकतो. मोठ्या विद्यापीठातली माणसं येऊन लिहून नेतात. त्याला काम मिळतं, तंबाखू मिळते. पाप केल्यावर त्याची परिस्थिती सुधारली! आता कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, सगळं त्याला पाठ झालंय. नॉर्टन ऐकतो, चेहरा पांढराफटक पडतो, आणि जाताना शंभर डॉलरची नोट काढून देतो. नॉर्टनच्या मनात स्वतःच्या मेलेल्या मुलीविषयी काय दडलंय, त्याचा वास एलिसन आपल्याला देतो. म्हणजे ती नोट ट्रूब्लडच्या दुःखाची किंमत नाही. नॉर्टनच्या मनातलं त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं, त्याची ती मजुरी आहे.

हे प्रकरण मी आपल्याविषयी म्हणून वाचतो. ‘बलुतं’ १९७८ साली आलं, ‘उपरा’ १९८० साली. ही पुस्तकं आली म्हणून माझ्यासारख्या शाळा सुटलेल्याला लिहायचं धाडस झालं. तेव्हा त्या लेखकांना दोष नाही. दोष आहे बाहेरच्या मागणीचा. तुम्ही फक्त खरं सांगा, तेही दुःखाचं, तेही घरातलं. कल्पनाबिल्पना आम्ही करू, अशी ती मागणी आहे. मी एका शहरात कविता वाचायला गेलो होतो. माझ्या कवितेत एक आई मेलेल्या पोराच्या नावावर रेशन उचलते. कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ चहाचा कप घेऊन जवळ आले. म्हणाले, ‘ही तुमचीच आई का हो?’ मी म्हटलं, नाही साहेब, माझ्या आईची सगळी पोरं जिवंत आहेत, हे मी रचलंय. त्यांचा चेहराच पडला. जसं काही मी त्यांना पितळेचं नाणं दिलं. माझ्या आधी एकानं गच्चीवरच्या चांदण्याची कविता वाचली होती. त्याला कुणी विचारलं नाही, की ही तुमचीच गच्ची का?

कामगारांनी रंगाच्या कारखान्याचं प्रकरण चुकवू नये. लिबर्टी पेंट्स. त्यांचा सगळ्यात पांढरा रंग बनवायचा तर बादलीत काळ्या औषधाचे दहा थेंब टाकायचे आणि ढवळायचं. काळं दिसेनासं झालं की रंग पांढराशुभ्र. हा रंग राष्ट्रीय स्मारकाला जाणार! तळघरात बॉयलरपाशी ल्यूशियस ब्रॉकवे नावाचा म्हातारा काळा कामगार आहे. प्रत्येक रंगाचा पाया त्याच्या हातचा, आणि तो युनियनचा कट्टर वैरी. युनियनवाल्यांना आमचा निवेदक मालकाचा हेर वाटतो, म्हाताऱ्याला तो युनियनचा वाटतो. दोघांची झटापट होते आणि बॉयलर फुटतो.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. तिसऱ्या पाळीला आमच्या नाकातोंडात कापूस जातो आणि सूत बाहेर पडतं ते पांढरंफेक. ब्रॉकवे मला ओळखीचा आहे. असा एकजण प्रत्येक खात्यात असतो. त्याच्या हाताशिवाय मशीन चालत नाही, आणि तो म्हणतो मालक देवमाणूस. एलिसन त्याला शिव्या देत नाही. त्याच्या तोंडी बढाई देतो आणि आपण बाजूला होतो. आपल्या पुष्कळ कथांत हे जमत नाही, कारण लेखकच मध्ये येऊन सांगतो, बघा हा वाईट माणूस.

पुढं हार्लेम. एका म्हाताऱ्या काळ्या जोडप्याचं सामान रस्त्यावर फेकलं जात असतं. निवेदक तिथं उभा राहून भाषण करतो. ब्रदरहुड नावाच्या संघटनेचा गोरा पुढारी जॅक त्याला उचलतो, पगार देतो, नवं नाव देतो, चिठ्ठीवर लिहून. संघटना डाव्या वळणाची आहे, हे न सांगता कळतं. तिचा टॉड क्लिफ्टन हा काळा कार्यकर्ता एक दिवस काम सोडतो, रस्त्यावर काळ्या माणसाच्या नाचऱ्या कागदी बाहुल्या विकायला लागतो, आणि पोलिसाच्या गोळीनं मरतो. निवेदक त्याची मोठी अंत्ययात्रा काढतो. वरचे लोक विचारतात, परवानगी कुणाची घेतलीत? त्याच भांडणात जॅकचा एक डोळा निखळून पडतो. काचेचा! ज्याच्या नजरेनं आपण सगळं बघत होतो त्यालाच एका डोळ्यानं दिसत नव्हतं. कार्यकर्त्यांनी हे पान दोनदा वाचावं.

शेवटी दंगल. पळता पळता निवेदक रस्त्यातल्या भोकातून कोळशाच्या तळघरात पडतो. वरून झाकण लागतं. काळाकुट्ट अंधार. जवळ फक्त ती बक्षिसाची बॅग. उजेडासाठी तो एकेक कागद पेटवतो. शाळेचं सर्टिफिकेट जळतं. क्लिफ्टनची बाहुली जळते. मग त्याला कधीतरी आलेलं धमकीचं निनावी पत्र, आणि नंतर जॅकनं नाव लिहून दिलेली चिठ्ठी. त्या उजेडात त्याला दिसतं की अक्षर एकच आहे. नाव देणारा तोच, धमकी देणाराही तोच.

याच्याही आधी कॉलेजचा काळा प्रमुख ब्लेडसो यानं शिफारशीची म्हणून सात बंद पाकिटं त्याच्या हातात दिली होती. आत मजकूर असा, की याला परत घ्यायचा नाही, नुसता आशेवर ठेवा. म्हणजे हा पठ्ठ्या जन्मभर स्वतःविषयीचे कागद काखेत घेऊन फिरला, आणि त्यातला एकही त्यानं लिहिलेला नव्हता. सगळे जळल्यावर तो पहिला कागद स्वतः लिहितो. तो कागद म्हणजे ही कादंबरी. म्हणून तो अर्धवट वेडा असला, त्याच्या प्रत्येक वाक्यावर शंका घ्यावी लागली, तरी मला तो ट्रूब्लडपेक्षा मोठा निवेदक वाटतो. ट्रूब्लड समोरच्याला हवं ते खरं सांगतो. तळघरातला माणूस कुणाला काय हवंय याचा हिशेब सोडून सांगतो.

१९६३ साली अर्व्हिंग हाव या गोऱ्या डाव्या समीक्षकानं एलिसनला बोल लावला. काळ्या लेखकानं रिचर्ड राइटसारखं निषेधाचं लिहावं, असा त्याचा रोख. एलिसननं सडकून उत्तर दिलं, की काळ्या माणसाचं जगणं म्हणजे नुसती जखम नाही. हाव डावा, तो चहावाला गृहस्थ बहुधा उजवा. मागणी मात्र दोघांची सारखीच. पण त्याच दशकात लढाऊ काळ्या तरुणांनीही एलिसनला हिणवलं, चळवळीपासून लांब राहतो म्हणून. त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही.

माझी भांडणं दोन आहेत. पहिलं बायांचं. मेरी रॅम्बो ही हार्लेमची बाई रस्त्यात कोसळलेल्या निवेदकाला घरी नेते, जेवू घालते, भाडं थकलं तरी ठेवून घेते. संघटनेचा पैसा हातात आला की हा निघून जातो, आणि पुस्तकही तिला विसरतं. ट्रूब्लडची बायको केट कुऱ्हाड उचलते, पण तीही आपल्याला ट्रूब्लडच्याच तोंडून कळते. पोरगी मॅटी लू तर बोलतच नाही. गोष्ट तिची होती. शंभर डॉलर बापाला मिळाले. निवेदक खोटा असो की खरा, त्यानं कुणाचं तोंड बंद ठेवलंय हे आपण विचारलंच पाहिजे. आपल्या पुस्तकांनाही विचारलं पाहिजे.

दुसरं भांडण तळघराचं. निवेदक म्हणतो मी आता बाहेर येणार, पण पुस्तक संपतं तेव्हा तो आतच असतो. १३६९ बल्ब, आणि उजेडात बसलेला एकटा. तळघर लिहायला बरं. राहायला नाही.

तरीही हे पुस्तक वाचा. शब्दकोश शेजारी घ्या, महिना लागला तर लागू द्या. आपल्याकडं ही वाट नवीन नाही. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ सालचा. त्या कथेत जात लपवून राहणारा ‘मी’ बागुलांनी साठ वर्षांमागं उभा केला. पुढं आपणच तो मागं टाकला आणि साक्षीदारासारखे शपथेवर बोलायला लागलो.

अंकासाठी लिहिणाऱ्या मित्रांना माझी एक विनंती आहे. आत्मकथन पाठवा, जरूर पाठवा. पण एखादी गोष्ट अशीही पाठवा जिच्यातला ‘मी’ थापा मारतो, मालकाची बाजू घेतो, पुढाऱ्याच्या मागं वेड्यासारखा पळतो, आणि वाचणाऱ्याला हसवता हसवता घाम फोडतो. ही तुमचीच गोष्ट का, असं या अंकात कुणी विचारणार नाही. ती गोष्ट कुणाच्या अक्षरात आहे, एवढंच आम्ही बघू.

जय भीम.