मोजलेले बळी, न मोजलेले चेंडू

‘गोलंदाज’ हा शब्द मराठी क्रिकेटने तोफखान्यातून उचलला. मूळ फारसी. गोळा डागणारा तो गोलंदाज, म्हणजे तोफेमागे उभा असलेला माणूस. मैदानावर आल्यावर मात्र तोफ आणि ती डागणारा यांतला भेद पुसला गेला. भेदक मारा, आग ओकणे, तोफ धडाडणे, भात्यातली अस्त्रे ही आपली नेहमीची भाषा. तोफ तापते, तिला थंड होऊ द्यावे लागते, नाहीतर ती डागणाऱ्याच्या अंगावर फुटते, हे जुन्या गोलंदाजाला पक्के ठाऊक असे. आपल्या क्रीडालेखनाला ते ठाऊक आहे का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

मी नंदुरबारला राहतो. क्रीडावैद्यक मी कुठल्या महाविद्यालयात शिकलेलो नाही. खेळावरचे मराठी लेखन वाचायचे, कात्रणे ठेवायची आणि अडलेले शब्द इंग्रजी पुस्तकांतून सोडवायचे, हा माझा तीसेक वर्षांचा नाद. या लेखनाचे ऋण मोठे आहे. वि. वि. करमरकरांनी मराठी वृत्तपत्रात खेळाला हक्काची जागा मिळवून दिली, बाळ ज. पंडितांनी मैदान कानापर्यंत आणले, द्वारकानाथ संझगिरींनी खेळाडूला घरातला माणूस केले. पण या समृद्ध परंपरेत दुखापतीचे काय झाले? ती दोनच रूपांत येते. एक तर नशिबाचा घाला म्हणून, नाहीतर जिद्दीने ‘मात’ करायचा शत्रू म्हणून. तिसरे रूप, म्हणजे केलेल्या कष्टांचा हिशेब, जवळजवळ सापडतच नाही.

रमाकांत देसाईंचे उदाहरण घ्या. मुंबईचा चणीने लहान, म्हणून ‘टायनी’ म्हटला गेलेला हा जलद गोलंदाज फेब्रुवारी 1959 मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी खेळला, तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता. त्या एका डावात त्याने 49 षटके टाकली आणि 169 धावांत 4 बळी घेतले. 49 षटके म्हणजे 294 चेंडू. पुढे 1968 मध्ये ड्युनेडिनला डिक मॉट्झचा चेंडू लागून जबडा मोडला असतानाही देसाई फलंदाजी करत राहिले, बेदींबरोबर शेवटच्या जोडीसाठी धावा जोडल्या, आणि भारताने परदेशातली पहिली कसोटी जिंकली. देसाईंवरच्या मराठी लेखनात हा मोडलेला जबडा ठळकपणे भेटतो. तो भेटायलाच हवा. पण 294 चेंडूंकडे ‘पदार्पणातच अथक मारा’ यापलीकडे कोणी पाहिलेले मला आढळले नाही. जबडा एका क्षणात मोडला, तो सगळ्यांना दिसला. खांदा आणि कंबर वर्षानुवर्षे झिजत होती, ती कोणाला दिसली नाही. 28 कसोटी आणि 74 बळी एवढ्यावर, तिशीच्या आतच, ही कसोटी कारकीर्द संपली. अतिगोलंदाजीमुळेच ती संपली असा निवाडा मी देत नाही. निवाडा देण्याजोगा हिशेब कोणी ठेवला नाही, हे माझे म्हणणे आहे.

हिशेब का ठेवायचा, हे हाडाला विचारावे. जलद गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट धक्का वर चढतो. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि वळत असलेली असते. मणक्याच्या मागच्या बाजूच्या हाडाच्या अरुंद पट्टीवर तो भार येतो. उजव्या हाताच्या गोलंदाजाला ही चीर बहुधा डाव्या बाजूला जाते, यात नशीब कमी आणि यंत्रशास्त्र जास्त आहे. हाड निर्जीव नसते. ताण आला की त्यात सूक्ष्म तडे जातात आणि विश्रांतीत ते भरून निघतात. तडे पडण्याचा वेग भरण्याच्या वेगापुढे गेला की त्यांची चीर होते. कोवळ्या वयात हाड पुरते पिकलेले नसते, म्हणून धोका अधिक. दगाबाजी अशी की सुरुवातीची चीर साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल’ आला की दुखणाऱ्या पोराला नाटकी ठरवायला वेळ लागत नाही.

डेनिस लिलीच्या कमरेला अशा चिरा 1973 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात गेल्या. तो परतला तो डॉ. फ्रँक पाइक या क्रीडाशास्त्राच्या अभ्यासकाने आखलेल्या शिस्तबद्ध व्यायामाच्या बळावर. 1974-75 मध्ये तो पुन्हा इंग्लंडच्या फलंदाजांना धडकी भरवत होता. हाच लिली 1987 पासून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये आपल्या मुलांना शिकवू लागला, आणि तिथे श्रीरामपूरचा झहीर खान पोहोचला. म्हणजे पर्थमधल्या एका मोडलेल्या कमरेचा धडा आपल्या नगर जिल्ह्यातल्या पोराच्या कामी आला. झहीर 2006 मध्ये भारतीय संघाबाहेर असताना वूस्टरशायरकडून खेळला. तिथे त्याने धाव आखूड केली, उडी आवरती घेतली, शरीर पुरवून वापरायला शिकला. आपल्याकडे ही कथा ‘वनवास आणि पुनरागमन’ अशी सांगितली गेली. आखूड केलेली धाव, जी त्या कथेचा गाभा होती, ती एका ओळीत उरकली. 92 कसोटींतल्या 311 बळींमध्ये त्या आखूड धावेचा वाटा किती, हे सांगणारा लेख मी अजून शोधतो आहे.

भाला आणि चेंडू यांचे नाते जवळचे. दोन्हींत कोपरावर जीवघेणा पीळ येतो. नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर मे 2019 मध्ये मुंबईत डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी शस्त्रक्रिया केली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. जानेवारी 2020 मध्ये दक्षिण आफ्रिकेत 87.86 मीटर फेकून त्याने ऑलिंपिकची पात्रता मिळवली आणि 7 ऑगस्ट 2021 ला टोकियोत 87.58 मीटरवर सुवर्ण. या दोन आकड्यांच्या आधीचे महिने मराठी वाचकाला मिळाले नाहीत. कोपर किती अंशांत सरळ होत होते, पहिल्यांदा हलके काय फेकले, भाला हाती घ्यायची परवानगी केव्हा मिळाली, जैवयांत्रिकी जाणणाऱ्या क्लाउस बार्टोनिट्झ या प्रशिक्षकाने काय बदलले? पुनर्वसन ही कंटाळवाणी गोष्ट असते हे खरे. पण रियाजही कंटाळवाणाच असतो, आणि गायकांच्या रियाजावर आपण पाने भरभरून लिहिली आहेत.

हा कंटाळवाणा भाग सिनेमाही गाळतो. ‘मिलियन डॉलर आर्म’ हा 2014 चा हॉलिवूडपट अनेकांनी पाहिला असेल. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू एका स्पर्धेतून निवडले जातात, अमेरिकेत बेसबॉलचे पिचर होतात आणि पिट्सबर्ग पायरेट्सशी करारबद्ध होतात. गोष्ट खरी आहे. निवडीचे निकष दोनच होते, किती जोरात आणि किती अचूक. त्यांना शिकवणारे टॉम हाउस हे फेकीच्या शरीरशास्त्राचे खरेखुरे अभ्यासक. पण पडद्यावर शास्त्र मागे राहते आणि स्वप्न पुढे येते. करारावर सही झाली की चित्रपट संपतो. हात पुढे जगतो. दिनेश 2010 च्या अखेरीस संघातून मोकळा झाला आणि भारतात परतला. रिंकूचे मोसम कोपराच्या शस्त्रक्रियेत गेले. मेजर लीगचा सामना दोघांच्याही वाट्याला आला नाही. दशलक्ष डॉलरचा हात हे शीर्षक किमतीबद्दल बोलते, हाताबद्दल बोलत नाही.

रिंकूच्या कोपरावर झालेल्या शस्त्रक्रियेला बेसबॉलमध्ये ‘टॉमी जॉन’ म्हणतात. सप्टेंबर 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या डाव्या कोपराचा तुटलेला लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारी दोरी, दुसऱ्या हातातला टेंडन घेऊन नव्याने बांधला. तो 1976 मध्ये परतला, 1989 पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर 164 सामने जिंकला. डॉक्टराऐवजी रुग्णाच्या नावाने ओळखली जाणारी ही शस्त्रक्रिया आज इतकी सरावाची झाली आहे की तिची भीती ओसरली, आणि हेच दुखणे झाले.

बेसबॉलने मोजदादही केली. ‘मिलियन डॉलर आर्म’ आला त्याच 2014 साली तिथे ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शिका निघाली. तिच्यात 11-12 वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त 85 चेंडू, 13-14 व्या वर्षी 95, 17-18 व्या वर्षी 105 अशी मर्यादा आहे. 15-16 वर्षांच्या मुलाने 76 किंवा अधिक चेंडू टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती. म्हणजे मोजले की भागले? तसे झाले नाही. वेगवान कॅमेरे, फिरकीचे फेरे मोजणारी यंत्रे, वजनदार चेंडूंचा सराव यांतून प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकायचे शास्त्र उभे राहिले. डिसेंबर 2024 मध्ये मेजर लीगनेच प्रसिद्ध केलेल्या अहवालात वाढत्या दुखापतींमागचे मोठे कारण म्हणून वेगाचा आणि जास्तीत जास्त जोराचा हाच हव्यास समोर आला. एकाच आकडेवारीतून हात वाचवता येतो आणि पिळूनही घेता येतो. वही कोणाच्या हातात आहे, यावर ते ठरते.

2025 च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे याच गोष्टीवर वाद झाला. इंग्लंडच्या दौऱ्यात जसप्रीत बुमरा पाचपैकी तीनच कसोटी खेळला. मोहम्मद सिराज पाचही खेळला आणि ओव्हलवर विजय खेचून आणला. तेव्हा सुनील गावसकरांनी ‘वर्कलोड’ हा शब्दच भारतीय क्रिकेटच्या कोशातून जावा अशा आशयाचे मत मांडले आणि सीमेवरच्या जवानाचा दाखला दिला. गावसकर आपले आहेत, आणि हेल्मेटशिवाय वेगाला सामोरे गेलेला माणूस हे बोलतो तेव्हा ते ऐकावेच लागते. बिनदुखापतीची विश्रांती मागणाऱ्यांवर त्यांचा रोख असेल, तर तो समजण्यासारखा आहे. तरी दोन गोष्टी विनयाने मांडतो. सिराजची थोरवी सांगताना सगळ्यांनी 185.3 षटके हा आकडा सांगितला, म्हणजे 1113 चेंडू. वर्कलोड म्हणतात तो हाच. तो शब्द काढून टाकला तर कौतुकाचे मापही जाईल. दुसरे जवानाचे. सियाचीनच्या चौकीवरच्या जवानाचीही ठरावीक काळाने पाळी बदलते, कारण शरीर तिथे किती टिकते हे सैन्याने मोजले आहे. मार्च 2023 मध्ये ज्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली, त्याने 2024-25 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात 151.2 षटके टाकली आणि शेवटच्या कसोटीत पाठीनेच त्याला थांबवले. त्याने पुढे पाळी मागितली, तर त्यात देशप्रेम कमी पडले असे होत नाही.

बुमराची वही ठेवायला बंगळूरची अकादमी आहे. आमच्या जिल्ह्यातल्या पोराची कोण ठेवतो? शहादा, तळोदा, नवापूरकडे दिवाळीनंतर टेनिस चेंडूच्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. जोरात टाकणारा पोरगा एका गावाचा राहत नाही. शनिवारी एका संघाकडून, रविवारी दुसऱ्याकडून, कधी एकाच दिवशी तीन सामने. प्रत्येक सामन्यात षटके दोनच असली, तरी खांदा सामने वेगळे धरत नाही, तो बेरीज करतो. दुखले तर तेल, गोळी, स्प्रे आणि पुन्हा रनअप. स्पर्धा संपली की स्कोअरची वही रद्दीत जाते. त्या वहीत प्रत्येक गोलंदाजाचा एकेक चेंडू टिपलेला असतो. म्हणजे मोजणी होते, फक्त ती सामन्यासाठी होते, मुलासाठी होत नाही.

या भागाला ही रीत नवी नाही. सातपुड्यातली कुटुंबे पावसाळा संपला की दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला जातात. मजुरी टनावर. उसाचे वजन काट्यावर काटेकोर होते. कोयता किती वेळा उचलला, मोळ्या किती वेळा डोक्यावर चढवल्या, याचा काटा कुठेच नसतो. शरीरातून काय निघाले ते मोजायचे आणि शरीराचे काय गेले ते मोजायचे नाही, हा हिशेब शेतातून मैदानात आला की मैदानातून शेतात गेला, हे ठरवायची गरज नाही. तो एकच आहे. बळी हे त्याचे टन आहेत.

म्हणून मराठी क्रीडालेखनाकडे माझे मागणे साधे आहे. जिद्दीवर जरूर लिहा, पण जिद्दीसोबत चेंडूंची संख्या लिहा. ‘दुखापतीवर मात’ असे लिहाल तेव्हा ती किती आठवड्यांत, कोणत्या व्यायामाने, कोणाच्या खर्चाने झाली तेही लिहा. कारण हे लेखन वाचून वाढणारा मुलगा त्यातूनच शिकतो की दुखणे सांगणे हा दुबळेपणा असतो की माहिती असते. आणि गावोगावच्या स्पर्धा भरवणाऱ्यांकडे मागणे आणखी साधे. पाठपोट कागदाची वीस रुपयांची वही घ्या, प्रत्येक पोराला द्या. तारीख, टाकलेले चेंडू, कुठे दुखले, एवढे तीन रकाने पुरेत. वही आयोजकाकडे ठेवू नका, संघमालकाकडे तर नकोच. ती ज्याचा हात आहे त्याच्याकडेच राहू द्या.