गोंगाट वाढवला, तरी सूर ऐकू आला?

श्रवणशास्त्रात पीएचडीचा विचार असेल तर हॉल, हॅगार्ड आणि फर्नांडिस यांचा १९८४ चा पेपर तुमच्यासमोर येणारच. तो कसा वाचायचा ते बघू.

आधी जुना समज. फ्लेचरने १९४० मध्ये मांडलं की कान फिल्टरांच्या रांगेसारखा चालतो. १००० हर्ट्झचा सूर ऐकायचा, तर त्याच्या आसपासच्या अरुंद बँडमधला गोंगाटच आड येतो. बँड त्याहून रुंद केला तरी फरक पडत नाही.

१९८४ च्या पेपरात गोंगाटाला चढउतार दिला, तोही सगळ्या वारंवारतांवर एकदमच. मग बँड रुंद करत नेला, म्हणजे एकूण गोंगाट वाढवला. आणि सूर ऐकणं उलट सोपं झालं! अर्थ असा लावला की आपण वेगवेगळ्या फिल्टरांमधले चढउतार ताडून बघतो. यालाच कोमॉड्युलेशन मास्किंग रिलीज म्हणतात.

माझा आक्षेप पेपरवर कमी, फक्त तो आलेख दाखवून विषय संपवण्यावर जास्त आहे. बँड रुंद केला की सुराच्या स्वतःच्या फिल्टरमधले चढउतारही बदलतात. व्हर्हाय, डाऊ आणि कोलमायर यांनी १९९९ मध्ये दाखवलं की एकाच फिल्टरवर चालणारं मॉडेलही हा परिणाम बराचसा काढून देतं. मग तुलना झाली हे कशावरून? त्यासाठी गोंगाटाचा दुसरा बँड सुरापासून लांब, किंवा चक्क दुसऱ्या कानात, ठेवलेले प्रयोग वाचा. तिथेही फायदा दिसतो, पण लहान. तुलना होते, हे त्यावरून कळतं. किती होते, हे पहिल्या आलेखावरून ठरवू नका.

आता समजा, तुमचा विषय आहे डोंबिवली स्टेशनवरची घोषणा. गर्दीतला प्रत्येक जण आपापल्या लयीत बोलतो, त्यांचे चढउतार एकत्र होत नाहीत. फलाटाचा गोंगाट म्हणजे प्रयोगशाळेतला गोंगाट नव्हे. त्यात आतल्या कानामुळे कमी ऐकू येणाऱ्यांना हा फायदा सहसा आणखी कमी मिळतो. गाडीचा फलाट बदलल्याचं एखाद्या आजोबांना कळलंच नाही, तर 'सरासरी इतके डेसिबल' या आकड्यातून कारण सापडणार नाही.

म्हणून रेकॉर्डिंग करा, बँड वेगळे काढा आणि आधी विचारा: हे एकत्र हलतात का? मगच १९८४ चा दाखला द्या.