संकल्पना-निवडीचे तक्ते आणि बेरजेचा मोह

नव्या वस्तूच्या घडणीतील सर्वांत दूरगामी निर्णय सर्वांत अपुऱ्या माहितीवर घेतले जातात. यंत्र कोणत्या तत्त्वावर चालावे हे एकदा ठरले, की पुढच्या खर्चाचा आणि दोषांचा मोठा भाग तेथेच निश्चित होतो, आणि त्या वेळी हाती असतात ती केवळ कच्ची रेखाटने व अंदाज. या टप्प्याला शिस्त लावू पाहणाऱ्या पद्धतींपैकी पर्याय सुचवणाऱ्या पद्धती बऱ्याच प्रौढ झाल्या आहेत. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांच्या पद्धतीत वस्तूच्या प्रत्येक कार्यापुढे त्याचे संभाव्य उपाय मांडून त्यांच्या जोडण्या तपासल्या जातात, आणि पाल व बाइट्झ यांच्या १९७७ च्या जर्मन ग्रंथाने पायरीवार रचनापद्धतीची चौकट अभियंत्यांच्या हाती दिली. परंतु पाच कार्यांना प्रत्येकी चार उपाय असले तरी १,०२४ जोडण्या होतात, आणि खरी अडचण त्यांतून निवड करताना येते.

या अडचणीवर सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे भारित तक्ता, म्हणजे प्रत्येक निकषाला महत्त्वानुसार भार देऊन गुणांची बेरीज करणे. एका रचनेला टिकाऊपणात ४ व किमतीत २ गुण, दुसरीला दोन्हींत ३ गुण असतील, तर टिकाऊपणाचा भार ०.५५ धरल्यास पहिली जिंकते आणि ०.४५ धरल्यास दुसरी. एवढ्याशा फरकाने निकाल उलटत असेल, तर त्या बेरजेला वस्तुनिष्ठ म्हणणे ही दिशाभूल आहे. ब्रिटिश अभियंता स्ट्युअर्ट प्यू यांनी १९८१ मध्ये मांडलेली रीत याहून कितीतरी प्रामाणिक आहे. तीत एक रचना आधार धरून इतरांना प्रत्येक निकषावर सरस (अधिक चिन्ह), निकृष्ट (उणे चिन्ह) किंवा समान एवढेच ठरवतात, आणि मग सरस रचनेतील उणे चिन्ह दुसरीतील कोणत्या गुणाने पुसता येईल हे शोधून नवी, संमिश्र रचना तक्त्यात आणतात. येथे तक्ता निकाल देत नाही, विचाराला वाट दाखवतो. अनेक कार्यशाळांत मात्र चिन्हांचीच बेरीज करून हा गाभा गमावला जातो.

अशा बेरजेवर सैद्धांतिक आक्षेपही आहे. अनेक मतदारांच्या पसंतिक्रमांतून काही वाजवी अटी पाळून एकच सुसंगत क्रम काढता येत नाही, हे केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केले, आणि १९९६ मध्ये जॉर्ज हेझलरिग यांनी त्याचा रोख अभियांत्रिकी रचनेकडे वळवला. त्यावर १९९९ मध्ये स्कॉट व अँटन्सन यांनी निकष म्हणजे मतदार नव्हेत असे उत्तर दिले. ते बव्हंशी पटणारे आहे, कारण निकषांमधील देवाणघेवाण मोजता येते. तरीही निकषांचे महत्त्व ठरवणारी माणसे अनेक असतात, आणि तेथे ॲरो यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

टोयोटाच्या कामावरील ॲलन वॉर्ड व सहकाऱ्यांच्या १९९५ च्या अभ्यासाने वेगळीच दिशा दाखवली: एक रचना लवकर न निवडता अनेक पर्याय समांतर पुढे न्यावेत आणि चाचण्यांतून जे टिकत नाहीत तेवढेच गाळावेत. निवड लांबवण्याचा खर्च येथे उघडपणे पत्करला जातो. तो किती काळ परवडेल, हे मात्र या पद्धतीतही अनुभवी अभियंत्यांच्या जाणत्या अंदाजावरच सोपवलेले आहे.