हिंसेचा ऱ्हास आणि दप्तरांची साक्ष

सन २०११ मध्यें स्टीव्हन पिंकर यांचा ‘द बेटर एंजल्स ऑफ अवर नेचर’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मनुष्यजातींतील हिंसा शतकानुशतकें ओसरत आली आहे, हें त्याचें प्रतिपाद्य होय. ग्रंथाचा पसारा महायुद्धांपासून गृहकलहापर्यंत आहे. त्या सर्वांचा परामर्श घेण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु युरोपांतील खुनांविषयींचा त्यांतील भाग मुख्यत्वें जुन्या दप्तरांवर उभारलेला असल्यानें, कागदांची पारख करणाऱ्या आमच्या वाचकांनीं तो अवश्य तपासावा असें आम्हांस वाटतें.

या भागाचा आधार म्हणजे टेड गर यांनीं १९८१ मध्यें काढलेला आलेख, आणि मॅन्युएल आइस्नर यांनीं २००३ मध्यें पश्चिम युरोपांतील पांच प्रदेशांसाठीं प्रसिद्ध केलेलें संकलन. आइस्नर यांच्या अंदाजाप्रमाणें इंग्लंडांत तेराव्या-चौदाव्या शतकांत दर लाख वस्तीमागें प्रतिवर्षीं सुमारें २३ खून होत. सतराव्या शतकांत हें प्रमाण ५ ते ६, अठराव्यांत दीडाच्या आसपास, व विसाव्यांत सुमारें एक इतकें उतरलें.

इतके जुने आंकडे मिळाले कोठून? इंग्लंडांत ११९४ मध्यें कोरोनर हा अधिकार निर्माण झाला. संशयास्पद मृत्यूची चौकशी करून ती नोंदून ठेवणें हें त्याचें काम. हें काम केवळ भूतदयेपोटीं चाललें होतें असें नाहीं. अपराध्याची चीजवस्त राजाकडे जमा होई; ज्या गाडीनें वा जनावरानें मनुष्य मेला त्याची किंमतही सरकारांत घेतली जाई, आणि हा नियम थेट १८४६ पर्यंत टिकला. आमच्याकडील हिशेबी कागदांत गुन्हेगारी, हरकी, शेरणी या बाबी ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. पैशासाठीं लिहिलेला कागद जपला जातो, आणि पुढें त्यावरूनच मनुष्यस्वभावाचा इतिहास लिहिला जातो.

या पुराव्यावर दोन आक्षेप येतात. पहिला लोकसंख्येचा. खून मोजतां येतात, पण वस्ती अंदाजानेंच धरावी लागते. १३४० च्या दशकांतील ऑक्सफर्डचें प्रमाण लाखीं ११० च्या सुमारास काढलेलें आहे. परंतु नगराची वस्ती ७,००० धरिली तर एका खुनानें प्रमाण १४ नीं वाढतें, आणि ५,००० धरिली तर २० नीं. तेव्हां एकेका नगराच्या आंकड्यास फार महत्त्व देऊं नये. दुसरा आक्षेप वैद्यकाचा : त्या काळीं जी जखम चिघळून प्राण घेई ती आज बरी होते, मग हिंसा घटली कीं केवळ मृत्यु घटले? हा आक्षेप अलीकडच्या काळापुरता विचारार्ह आहे. पण लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रिया १८६७ ची, आणि इंग्लंडांतील मोठा उतार तत्पूर्वींच होऊन गेलेला. म्हणून ऱ्हास खरा आहे, हा ग्रंथकर्त्याचा निष्कर्ष आम्हांस ग्राह्य वाटतो.

मतभेद आहे तो कारणाविषयीं. पिंकर यांनीं नॉर्बर्ट एलियास यांच्या १९३९ च्या जर्मन ग्रंथाचा आधार घेतला आहे. शस्त्रबळ राजाच्या हातीं एकवटलें, सरदार दरबारी झाले, व्यापार वाढला, आणि त्यायोगें आत्मसंयम वरून खालीं झिरपला, अशी ती उपपत्ति. परंतु चौदाव्या शतकांतील इंग्लंडांत राजा होता, कायदा होता, फांशीही होती. तरी पुष्कळ आरोपी पळून जात, आणि जे सांपडत त्यांतील बहुसंख्यांस पंच निर्दोष ठरवीत. फ्रान्सांत १६२६ मध्यें द्वंद्वयुद्धाविरुद्ध कडक फर्मान निघालें, १६२७ मध्यें माँमोरेन्सी-बूटव्हील या सरदाराचा त्यापायीं शिरच्छेद झाला. तरी तेथें द्वंद्वें एकोणिसाव्या शतकांतही होतच राहिलीं. यावरून नुसता दंड पुरत नाहीं हें उघड आहे. सूड घेण्याऐवजीं फिर्याद करण्यांत कमीपणा नाहीं, आणि निवाडा अमलांत येईल, असा भरंवसा लोकांस वाटला पाहिजे. रँडॉल्फ रॉथ यांनीं २००९ च्या ‘अमेरिकन होमिसाइड’ या ग्रंथांत राज्याविषयींच्या विश्वासावर दिलेला भर आम्हांस अधिक समर्पक वाटतो. शिवाय १९६० नंतर इंग्लंडांतील प्रमाण कांहीं दशकें चढून पुन्हां उतरलें. काळ आपण होऊन कोणास सौम्य करीत नाहीं. भरंवसा ढळला कीं हात पुन्हां शस्त्राकडे जातो.

वैर मिटविण्याचा हा प्रश्न आमच्या शास्त्रकारांसही सुटलेला नव्हता. आपस्तंब धर्मसूत्रांत क्षत्रियाचा वध केल्यास हजार, वैश्याचा केल्यास शंभर व शूद्राचा केल्यास दहा गाई देण्याचें विधान आहे, आणि त्याचा हेतु वैरयातन, म्हणजे वैर फेडणें, असा स्पष्ट सांगितला आहे. जिवाचें मोल वर्णानुसार ठरविणारी ही व्यवस्था न्याय्य नव्हे. पण रक्ताच्या जागीं मोबदला आणण्याचा तिचा रोख ओळखूं येतो. मराठी दप्तरांतही खुनाबद्दल मृताच्या वारसांस जमीन अथवा वतनाचा वांटा लिहून दिल्याचे कतबे सांपडतात. जेथें असा कतबा झाला तेथें दुसरा खून बहुधा टळला असावा.

मग महाराष्ट्राची अशी रेषा काढतां येईल काय? आइस्नर यांच्या पांच प्रदेशांत हिंदुस्थान नाहीं, आणि त्याबद्दल परकीयांस दोष देऊन भागणार नाहीं. लढाया, तह, सनदा व वंशावळी यांचे कागद आपण प्रथम उचलतों. दंडाचीं, मसाल्याचीं, जामिनकीचीं फुटकळ पत्रें रुमालाच्या तळाशीं राहतात, आणि वाळवी तेथूनच लागते. इंग्लंडांतील कोरोनरांच्या गुंडाळ्या अशाच कंटाळवाण्या होत्या; त्या राहिल्या म्हणून सातशें वर्षांचा हिशेब मांडतां आला. आमच्या संग्राहकांनीं पुढील रुमाल सोडतांना हीं पत्रें निदान गांव व शक घालून वेगळीं बांधून ठेवावीं. रेषा पुढें कोणीही काढील. कागद गेला तर ती कोणासच काढतां येणार नाहीं.