शाब्दिक उदाहरणांची वाक्यरचना

बीजगणितातील शाब्दिक उदाहरण विद्यार्थ्याला सुटले नाही की त्याचे गणित कच्चे आहे, असा निष्कर्ष सामान्यतः काढला जातो. परंतु एका अज्ञात राशीचे समीकरण एकदा मांडले म्हणजे ते सोडविणे हे दोन-तीन ओळींचे काम होय. खरी अडचण त्यापूर्वी, वाक्यातून समीकरण काढताना येते. ती वाचनाची अडचण आहे. आणि जे वाचावयाचे त्याचीच रचना सदोष असेल, तर अपयश वाचणाऱ्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. म्हणूनच या उदाहरणांची भाषिक रचना या दृष्टीने चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

या रचनेचा एक उत्तम नमुना भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात आढळतो. एकाजवळ ३०० रुपये व सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ दहा घोडे असून त्याला १०० रुपये ऋण आहे. दोघांचे धन समान, तर घोड्याची किंमत किती? घोड्याची किंमत क्ष मानल्यास ६ क्ष + ३०० = १० क्ष − १०० हे समीकरण मिळते व क्ष = १०० येतो. येथे लक्ष वेधून घेतात ते मूळ श्लोकातील दोन शब्द. 'तुल्यमूल्य' हे घोड्यांचे विशेषण नसते, तर सोळा घोड्यांच्या सोळा किंमती संभवल्या असत्या; 'तुल्यवित्त' हे त्या दोन पुरुषांचे विशेषण नसते, तर समीकरणातील बरोबरीच्या चिन्हाला आधार उरला नसता. 'ऋण' हा शब्द तर व्यवहारात कर्ज आणि गणितात वजाबाकी, अशी दोन्ही कामे एकाच वेळी करतो. श्लोकात भरीचा शब्द नाही आणि आवश्यक शब्द गाळलेलाही नाही.

इ. स. ११५० मधील 'लीलावती'तील दोन उदाहरणे शेजारी ठेवली असता एका शब्दाचे मोल किती असू शकते ते दिसते. पहिल्यात कमळांच्या राशीचा तिसरा, पाचवा, सहावा व चौथा हिस्सा निरनिराळ्या देवतांना वाहिला जातो आणि उरलेली सहा कमळे गुरूला मिळतात. सर्व हिस्से मूळ राशीचेच असल्याने त्यांची बेरीज ५७/६० होते, आणि एकंदर कमळे १२० येतात. दुसऱ्यात यात्रेकरू आपल्या धनाचा अर्धा भाग प्रयागास, उरलेल्याचे दोन नवमांश काशीस, त्यातून उरलेल्याचा चतुर्थांश वाटेवरील जकातीत आणि पुन्हा उरलेल्याचे सहा दशांश गयेस खर्च करतो. ६३ निष्क घेऊन तो घरी परततो. मूळ धन ५४० निष्क. वाचकाने 'उरलेल्याचे' हा शब्द दृष्टीआड केला, तर हिश्श्यांची बेरीज २८३/१८० भरते. म्हणजे यात्रेकरूने होते त्याहून अधिक धन खर्च केले असे ठरते. चुकीचे वाचन येथे टिकूच शकत नाही. वाचकाची चूक वाचकालाच दाखवून देणारी ही रचना आहे, आणि उदाहरणकाराचे कौशल्य त्यातच आहे.

आधुनिक मराठीकडे वळल्यास प्रथम एक अनुकूल गोष्ट नजरेस येते. 'ब-पेक्षा पाचने कमी' या शब्दसमूहात राशींचा क्रम ब − ५ असाच आहे. इंग्रजीत पाच आधी येतो व ब नंतर. इंग्रजीतील अशाच रचनेचा परिणाम क्लेमेंट, लॉकहेड व मंक यांनी १९८१ साली चर्चिला आहे. विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत, या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचे समीकरण मांडताना अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षातील सुमारे ३७ टक्के अमेरिकन विद्यार्थी चुकले. बहुतेकांनी सहाने प्राध्यापकांना न गुणता विद्यार्थ्यांनाच गुणले.

मराठी वाक्यात 'सहापट' हा शब्द 'प्राध्यापकांच्या' या शब्दाला चिकटून येतो, आणि वि = ६ प्रा हे समीकरण जवळजवळ वाक्याच्या क्रमानेच उतरते. मात्र एवढ्यावरून मराठी वाचक सुरक्षित आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. हीच गोष्ट 'एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी' अशी सांगितली, की डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते: एका बाजूला एक प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला सहा विद्यार्थी. त्या चित्राचेच समीकरण करू गेल्यास ६ वि = प्रा असे उलटे विधान हाती येते. अमेरिकन संशोधकांनीही केवळ शब्दक्रमाला दोष दिला नाही. अक्षर हे संख्येचे चिन्ह न राहता वस्तूचे नाव होऊन बसते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. 'पट'ची रचना संख्यांचा संबंध सांगते, 'मागे'ची रचना देखावा सांगते. व्यवहारात दोन्ही समानार्थी असल्या, तरी समीकरणाच्या वाटेवर त्या समान नाहीत.

याहून गंभीर दोष 'दुपटीने वाढला' या प्रयोगात आहे. '५० रुपयांचा भाव पाच रुपयांनी वाढला' या वाक्यात 'नी' हा प्रत्यय वाढीचे परिमाण दाखवितो. तोच न्याय लावल्यास 'दुपटीने वाढला' म्हणजे भाव १५० झाला. रूढी मात्र १०० असेच सांगते. क्ष + २ क्ष की २ क्ष, याचा निर्णय व्याकरण एका बाजूने करते आणि रूढी दुसऱ्या. येथे २८३/१८० सारखा कोणताही इशारा नाही. दोन्ही उत्तरे सारखीच संभवनीय दिसतात. अशा वाक्यावर गुण कापले जातात तेव्हा व्याकरणाला प्रमाण मानणारा विद्यार्थीच शिक्षेस पात्र ठरतो. उपाय अवघड नाही: 'दुप्पट झाला' असे लिहिले की संदिग्धता संपते.

शाब्दिक उदाहरणातून भाषेची सर्व अडचण काढून टाकावी, असा मात्र याचा अर्थ नव्हे. यात्रेकरूच्या उदाहरणातील अडचण हीच त्याची शिकवण आहे. विवेक करावयाचा तो दोन प्रकारच्या अडचणींत: सावध वाचनाने जी उलगडते ती उदाहरणाचा गुण होय, कितीही सावधपणे वाचले तरी जी उलगडत नाही ती लेखकाची चूक होय. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक वाक्य प्रथम या कसोटीला लावावे, आणि विद्यार्थ्याची परीक्षा त्यानंतर घ्यावी.