मुलांचे प्रश्न आणि पुस्तकांचीं उत्तरें

मुलांच्या ‘कां?’ आणि ‘कसें?’ यांस उत्तरें देणाऱ्या पुस्तकांची मराठींत आतां वाण राहिलेली नाहीं. सुटीच्या दिवसांत पुस्तकांच्या दुकानांत गेलें तर आकाश निळें कां, मीठ खारट कां, विमान कसें उडतें, आगकाडी कोणीं शोधिली, अशा शंभर-दोनशें प्रश्नांचीं पुस्तकें ओळीनें मांडलेलीं दिसतात. आणि मुलांच्या हातीं गोष्टींपेक्षां कांहींतरी ‘उपयुक्त’ द्यावें असें वाटणारे आईबाप तीं मोठ्या विश्वासानें विकत घेतात. आम्हींहि घेतलीं आहेत. कथा-कादंबऱ्यांवर परीक्षणें येतात, कवितेच्या एका शब्दावरून वाद माजतात. या पुस्तकांकडे मात्र टीकाकार ढुंकूनहि पाहत नाहींत. जणूं कांहीं त्यांत खरेंखोटें पारखण्याजोगें नसतेंच! आमचाहि समज तसाच होता. तो एका मेणबत्तीनें घालविला. तिची हकीकत पुढें येईल.

या जातीच्या पुस्तकांचा विचार करतांना आर्थर मी या इंग्रज संपादकाच्या बालविश्वकोशाची आठवण होते. (हें त्याचें आडनांव, मराठींत तें जरा घोटाळ्याचें आहे, त्यास आमचा इलाज नाहीं.) हा ग्रंथ १९०८ ते १९१० या काळांत लंडनहून पाक्षिक भागांच्या रूपानें निघाला. त्याची मुलगी आईला एकसारखे प्रश्न विचारी. या सगळ्यांचीं उत्तरें देणारें एखादें पुस्तक असतें तर किती बरें झालें असतें, असें ती माउली एकदां थकून म्हणाली, आणि त्यांतून ग्रंथाची कल्पना निघाली, असें सांगतात. हकीकत गोड आहे. पण थकलेल्या आईस हवें असतें तें उत्तर नव्हे, विश्रांति. प्रश्न मिटावा आणि आपणांस पुन्हां कामाकडे वळतां यावें, एवढीच तिची इच्छा, व तींत गैर कांहीं नाहीं. आर्थर मीच्या ग्रंथांत मुलांच्या प्रश्नांचा विभाग होता, तसाच स्वतःच्या हातांनीं वस्तु करून पाहण्याचाहि विभाग होता. पुढच्या पुष्कळ अनुकरणांत पहिला राहिला आणि दुसरा गळाला. प्रश्न मिटविण्याची सोय तेवढी उरली.

मिटविण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे कारणाच्या जागीं नांव ठेवणें. आंबा खालीं कां पडतो? गुरुत्वाकर्षणामुळें. लोखंड कां गंजतें? रासायनिक क्रियेमुळें. खालीं पडण्याचें संस्कृत नांव सांगून झालें कीं उत्तर झालें! या दोषाविषयीं अधिक लिहीत नाहीं. तो आळसाचा दोष आहे व तो कोणाच्याहि ध्यानांत येतो. ज्या उत्तरांत नांव आहे, गोष्ट आहे, चित्रहि आहे, आणि तरीहि जीं मुळांतच चुकलेलीं आहेत, त्यांचें काय करावें हा खरा प्रश्न आहे.

आगगाडीच्या एंजिनाच्या प्रश्नाखालीं हटकून येणारी जेम्स वॅटची गोष्ट घ्या. लहानगा वॅट चुलीपुढें बसला आहे, किटलींतलें पाणी उकळत आहे, झांकण थडथडां उडत आहे. मुलगा विचारांत पडतो, आणि वाफेच्या यंत्राचा शोध लागतो. ही गोष्ट आम्हीं लहानपणीं वाचली, आमच्या वडिलांनीं वाचली, आणि आज छापलेल्या पुस्तकांतहि ती तशीच आहे. वॅटचा जन्म १७३६ सालचा. न्यूकोमेननें बांधिलेलें वाफेचें यंत्र १७१२ सालीं इंग्लंडांत डड्लीजवळच्या एका कोळशाच्या खाणींतलें पाणी उपसूं लागलें होतें. म्हणजे वॅट पाळण्यांत होता तेव्हां ज्याचा शोध त्याच्या नांवावर मांडतात तें यंत्र चोवीस वर्षांचें झालें होतें. वॅटचें खरें कर्तृत्व किटलीच्या गोष्टीहून कितीतरी सुरस आहे. १७६३-६४ च्या हिवाळ्यांत ग्लासगोच्या विद्यापीठांतील न्यूकोमेनच्या यंत्राची एक लहान प्रतिकृति त्याच्याकडे दुरुस्तीस आली. ती दोन-चार हेलकावे खाऊन थांबे. वाफ जाते कोठें, हा प्रश्न त्यास पडला. त्यास दिसून आलें कीं, दर खेपेस नळकांडें थंड पाण्यानें निववावें लागतें आणि मग तेंच पुन्हां तापविण्यांत बहुतेक वाफ खर्ची पडते. तेव्हां वाफ निववावयाची ती निराळ्याच भांड्यांत निववावी, ही युक्ति त्यास १७६५ सालीं सुचली आणि १७६९ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. एक बिघडलेलें यंत्र, एक कारागीर, आणि दीड-दोन वर्षें न सुटलेला प्रश्न: मुलास सांगण्याजोगें हें नाहीं काय? तें वगळून किटली कां सांगावी, हें आम्हांस कळत नाहीं.

शिवाय किटलीनें दुसरें एक नुकसान केलें आहे. झांकण उडतें तें वाफेच्या रेट्यानें. न्यूकोमेनच्या यंत्रांत वाफेनें रेटा द्यावयाचा नसे. नळकांड्यांत वाफ भरावयाची, आंत थंड पाण्याची चिळकांडी सोडावयाची, वाफेचें पाणी झालें कीं आंत पोकळी व्हावयाची, आणि मग बाहेरची हवा दट्ट्या खालीं दाबी. काम करी ती हवा. वाफ केवळ तिला वाट करून देई. किटली पाहून हें सुचणें कठीण.

आतां मेणबत्तीकडे वळूं. अशा पुस्तकांत, आणि शाळेच्या पुस्तकांतहि पुष्कळदां, हा प्रयोग असतो. ताटलींत पाणी घ्यावें, मधोमध मेणबत्ती लावावी, तिच्यावर कांचेचा पेला उपडा घालावा. मेणबत्ती विझते व पाणी पेल्यांत चढतें. यावरून सिद्ध काय झालें? तर हवेंत एकपंचमांश प्राणवायु असतो. तो जळून गेला व त्याची जागा पाण्यानें घेतली. आंकडा बरोबर आहे. प्राणवायु हवेंत शेंकडा २१ असतो. आमच्या नऊ वर्षांच्या पुतणीनें हा प्रयोग आमच्या देखत केला. पाणी चढलें. पुस्तकाचें काम येथें संपलें, पण तिचें संपलें नाहीं. डब्यांत आणखी मेणबत्त्या शिल्लक होत्या. तिनें त्याच पेल्याखालीं दोन लावल्या, मग तीन. पाणी दर खेपेस अधिक चढलें.

“काका,” ती म्हणाली, “पेला तोच, हवा तेवढीच. मग जास्त प्राणवायु आला कोठून?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. एवढ्यांत तिनेंच आणखी एक गोष्ट दाखविली: ज्योत जळत असतां पाणी फारसें हालत नाहीं, ती विझल्यावर मात्र तें भराभर वर येतें. प्राणवायु जळाल्यामुळें पाणी चढत असेल, तर तें जळण्याच्या वेळीं चढावयास नको काय? मग आम्हीं बसून नीट विचार केला. मेणबत्ती विझते तेव्हां पेल्यांतला बराचसा प्राणवायु तसाच उरलेला असतो. जो खर्च होतो त्याच्या जागीं कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ येते. ती वाफ निवून थोडी जागा मोकळी होते खरी, पण मुख्य कारण साधें आहे. पेला झांकतांना त्यांतली हवा ज्योतीनें तापून फुगलेली असते. कांहीं तर बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडतांनाहि दिसते. ज्योत विझली कीं ती निवते, आकसते, आणि बाहेरची हवा पाण्यास आंत ढकलते. मेणबत्त्या जास्त, तर तापलेली हवा जास्त. म्हणून पाणीहि जास्त.

पुढें शाळेच्या परीक्षेंत हाच प्रश्न आला. तिनें पाहिलें होतें तें लिहिलें, आणि तिचे दोन गुण गेले. शिक्षकांस आम्ही दोष देत नाहीं. उत्तरांची यादी त्यांच्या हातीं छापील आली होती. परंतु त्यानंतर महिनाभर त्या मुलीनें आम्हांस एकहि प्रश्न विचारला नाहीं. पुस्तकांतलीं उत्तरें ती चोख पाठ म्हणूं लागली. मुलगी सुधारली म्हणून घरांत सर्वांस समाधान वाटलें.

वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, न्यूकोमेनचें नळकांडें आणि पुतणीचा पेला यांत घडतें तें एकच. आंतलें निवतें व बाहेरची हवा आंत रेटते. पुस्तकांत हे दोन प्रश्न निरनिराळ्या पानांवर, एक ‘शोध’ या सदराखालीं व दुसरा ‘गंमत’ या सदराखालीं असतात. दोहोंचीं उत्तरें चुकलेलीं, आणि दोहोंमधला धागा तर कोणास दिसलेलाच नाहीं. गरम भाजी डब्यांत भरून घट्ट झांकण लावलें, तर दुपारीं तें उघडतां उघडत नाहीं, हें शाळेंत डबा नेणाऱ्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. तिसरा प्रश्न हा, उत्तर तेंच, आणि ज्या मुलास हें एकदां उमगलें तें डबा थोडा ऊन करून उघडील. शंभर प्रश्नांचीं शंभर सुटीं उत्तरें देणाऱ्या पुस्तकापेक्षां, दहा प्रश्नांस एका उत्तराशीं नेऊन भिडविणारें पुस्तक आम्ही अधिक मोलाचें समजूं.

असें पुस्तक अशक्य आहे काय? मायकेल फॅरेडेनें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें १८६०-६१ च्या नाताळांत मुलांपुढें सहा व्याख्यानें दिलीं, तीं अवघीं एका मेणबत्तीवर. मेण वातींतून वर कसें चढतें येथून आरंभ करून तो ज्योत, पाणी, हायड्रोजन, हवा असें करीत अखेर माणसाच्या श्वासापर्यंत पोंचला. सांगितलेली गोष्ट शक्य तेथें समोर करून दाखवावयाची, हा त्याचा नेम. हा मनुष्य पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी केलेला. बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचून त्यास शास्त्राची गोडी लागली होती. त्या व्याख्यानांचें पुस्तक १८६१ सालीं निघालें आणि तें आजहि वाचतां येतें. आमच्या लेखकांनीं त्याचें भाषांतर करावें असें आमचें म्हणणें नाहीं. त्याची चाल उचलावी एवढेंच.

यावर असें म्हणण्यांत येईल कीं, मुलें लहान, त्यांस सोपेंच सांगावें लागतें. मान्य. पण सोपें आणि खोटें यांत फरक आहे. ‘गरम हवा निवली कीं लहान होते’ हें वाक्य ‘प्राणवायु एकपंचमांश असतो’ या वाक्याहून अवघड नाहीं. उलट पहिलें मुलास हातानें पडताळतां येतें, दुसरें ऐकूनच घ्यावें लागतें. आतां खिशांतला फोनहि विचारल्याबरोबर उत्तर देतो, मग पुस्तकें कशाला, असेंहि कोणी म्हणेल. परंतु मेणबत्तीची ही जुनी समजूत तेथेंहि अनेक ठिकाणीं जशीच्या तशी भेटते. चूक पानावरून पडद्यावर गेली, एवढाच फरक.

अशा पुस्तकांच्या लेखकांस व प्रकाशकांस आमची विनंति लहानशी आहे. पुढील आवृत्तींत मेणबत्तीच्या चित्राखालीं एवढें छापावें: ‘हाच प्रयोग दोन व तीन मेणबत्त्यांनीं करून पाहा.’ आणि एकपंचमांश दाखवावयाचाच असेल, तर कांचेची नळी आंतून ओली करून तिला लोखंडाचा कीस चिकटवावा व ती पाण्यांत उपडी उभी करून ठेवावी. लोखंड गंजतांना प्राणवायु खरोखरच धरून ठेवतें, आणि कांहीं दिवसांत पाणी नळीच्या सुमारें पांचव्या हिश्श्यापर्यंत चढून थांबतें. त्यास वेळ लागतो. आमच्या खिडकींत अशी एक नळी गेल्या सोमवारपासून उभी आहे. पुतणी शाळेंतून आली कीं पाणी कोठवर आलें तें पाहून शाईची रेघ ओढते, आणि काल तिनें विचारलें कीं, कीस आणखी घातला तर पाणी आणखी चढेल काय?