‘द डेव्हिल इनसाइड’ : अपूर्णता आणि अपुरेपणा

भयकथेला कागदपत्रांचे आकर्षण जुने आहे. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) ही कादंबरी रोजनिशा, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांच्या जुळणीतून उभी राहते. अद्भुतावर वाचकाचा विश्वास बसावा म्हणून निवेदकाने मागे सरून दस्तऐवजाला पुढे करावे, ही त्यामागील युक्ती होय. ‘फाउंड फुटेज’ हा चित्रपटप्रकार याच युक्तीचा वारसदार आहे. कुणीतरी चित्रित केलेली आणि नंतर हाती लागलेली फीत म्हणून तो स्वतःला सादर करतो. हलणारा कॅमेरा, अपुरा प्रकाश, अपरिचित नट या एरवीच्या उणिवा येथे अस्सलपणाच्या खुणा ठरतात. म्हणूनच या प्रकारातील अपयश तुटपुंज्या भांडवलाच्या खाती टाकता येत नाही. विल्यम ब्रेंट बेल दिग्दर्शित ‘द डेव्हिल इनसाइड’ (२०१२) या चित्रपटाचे अपयश त्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

सुमारे दहा लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाचे कथाबीज सामान्य नाही. १९८९ साली मारिया रॉसी ही स्त्री तिच्यावरच चाललेल्या भूतनिवारणाच्या विधीत तिघांची हत्या करते. वेडाच्या भरात घडलेले कृत्य म्हणून न्यायालय तिला दोषमुक्त करते आणि पुढे तिची रवानगी रोममधील मनोरुग्णालयात होते. वीस वर्षांनी तिची मुलगी इसाबेला मायकेल नावाच्या माहितीपटकाराला बरोबर घेऊन रोमला येते. आई आजारी आहे की झपाटलेली, आणि जे आईला जडले ते आपल्यातही उतरले असेल काय, हे तिचे प्रश्न आहेत. बेन व डेव्हिड हे दोन पाद्री वैद्यक आणि धर्मविधी यांची सांगड घालून, चर्चच्या अनुमतीवाचून तिला साहाय्य करतात. आईविषयीचे प्रेम आणि आईसारखे होण्याची धास्ती यांतील हा ताण शोकात्म नाट्याला पुरेल एवढा सकस आहे.

या प्रकाराचे मर्म समजण्यास अभिनवगुप्ताचा रसविघ्नविचार उपयोगी पडतो. त्याने सांगितलेल्या सात विघ्नांपैकी पहिले ‘संभावनाविरह’, म्हणजे समोरचे घडणे शक्यच नाही अशी प्रेक्षकाची धारणा. दुसरे विघ्न म्हणजे समोरचे सुखदुःख विशिष्ट देशकालातील आपले वा परक्याचे मानून त्यात गुंतून पडणे. पूर्वरंग, नटाची वेशभूषा यांसारखे नाट्यधर्म या दुसऱ्या विघ्नाचे निवारण करतात. हे नाट्य आहे ही जाणीव ते जागी ठेवतात. ‘फाउंड फुटेज’ची अडचण नेमकी येथे आहे. पहिले विघ्न टाळण्यासाठी तो नाट्यधर्मच लपवतो आणि दुसऱ्याला दार उघडून देतो. लौकिक भय आणि भयानक रस यांतील अंतर मग कलावंताला अन्य मार्गाने, रचनेच्या काटेकोरपणाने, राखावे लागते. स्टोकरने ते राखले होते. आपल्या संग्रहात अस्सल म्हणावा असा कागद जवळजवळ नाही, सारे टंकलिखितच आहे, अशी कबुली कादंबरीच्या अखेरच्या टिपणात पात्रामुखीच दिली आहे. तरी भयाला बाध येत नाही. कारण ते कागदांच्या सत्यतेवर नव्हे, त्यांच्या परस्परसंबंधांवर उभे आहे.

बेलच्या चित्रपटात हा परस्परसंबंधच विरळ आहे. व्हॅटिकनने चित्रपटाला मान्यता दिलेली नाही, अशा अर्थाची पाटी आरंभी येते. आणीबाणीचा दूरध्वनी, पोलिसी चित्रण, कॅमेऱ्यासमोरील कबुल्या असे पुरावे जमत जातात. पण पुराव्यांचा शोध होत नाही. चित्रण करणाऱ्या मायकेलला स्वतःची नजर नाही. इसाबेला आणि मारिया यांची रुग्णालयातील पहिली भेट ही चित्रपटातील सर्वांत जिवंत जागा होय. सुझन क्राउली यांनी मारियाच्या बोलण्यातील अचानक तुटणारा सूर विलक्षण ताकदीने पकडला आहे. परंतु मायलेकींचे हे सूत्र लवकरच मागे पडते आणि अमंगळ शक्ती एका देहातून दुसऱ्यात शिरण्याचा क्रम तेवढा उरतो. बाप्तिस्म्याच्या वेळी डेव्हिड अर्भकाला पाण्यात बुडवू पाहतो, तो प्रसंग दचकवतो. पण दचकणे म्हणजे भयानकाचा परिपोष नव्हे.

अखेरीस भरधाव मोटारीत मायकेलही झपाटला जातो, अपघात होतो, पडदा काळा होतो, आणि रॉसी प्रकरणाच्या अधिक माहितीसाठी एका संकेतस्थळाचा पत्ता झळकतो. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) याचा शेवटही उत्तर देत नाही. परंतु भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभी असलेली ती आकृती आरंभीच्या मुलाखतीत ऐकलेल्या बालहत्यांच्या हकिकतीशी जोडली जाते आणि प्रेक्षकाच्या मनात वर्तुळ पुरे होते. ती कलात्मक अपूर्णता होय. बेलच्या शेवटी मागचे काहीच उजळत नाही. कलाकृती आपले ऋण बाहेरच्या पत्त्यावर ढकलते. हा अपुरेपणा होय.

प्रेक्षकांनी हा भेद ओळखला. अमेरिकेत पहिल्या आठवडाअखेरीस सुमारे ३ कोटी ३७ लाख डॉलर मिळाले. पुढच्या आठवडाअखेरीस ही मिळकत तीन-चतुर्थांशाहून अधिक घसरली. सिनेमास्कोर या संस्थेच्या प्रेक्षक-पाहणीत चित्रपटाला ‘एफ’ ही सर्वांत खालची श्रेणी मिळाली. व्यवहारात यशस्वी ठरलेल्या चित्रपटाविषयी एवढी नाराजी का, याचे उत्तर भाबडेपणात शोधू नये. ही फीत खरी नाही, हे प्रेक्षकाला ठाऊकच असते. त्याची तक्रार ती नव्हे. आपल्याला वाटलेल्या भयाला अर्थ मिळेल या भरवशावर तो अंधारात बसलेला असतो. इसाबेलाचा प्रश्न अनुत्तरित राहिला असता तरी चालले असते; तो विसरला गेला, हे या चित्रपटाचे खरे अपयश आहे.